विहीर, बोगदा आणि एकवीस टन पाणी

मुंडकं उडालेली मुलगी पुन्हा जिवंत होते, ही गोष्ट मी पाचवीत असताना मॉरल सायन्सच्या तासाला ऐकली. आमची शाळा कॉन्व्हेंट. सिस्टर केरळच्या, गोष्टी सांगण्यात एकदम पटाईत. वेल्स नावाच्या देशात सातव्या शतकात विनिफ्रेड नावाची एक मुलगी होती. कॅराडॉग नावाचा एक सरदारपुत्र तिच्या मागे लागला. ती त्याला नाही म्हणाली आणि जीव मुठीत धरून चर्चकडे धावली. त्याने तलवार उपसली आणि तिचं मस्तक उडवलं. मस्तक उतारावरून गडगडत खाली गेलं आणि जिथे थांबलं तिथे जमीन फोडून झरा उसळला. तिचे मामा सेंट ब्यूनो चर्चमधून बाहेर आले, त्यांनी मस्तक उचलून धडाला लावलं, प्रार्थना केली आणि मुलगी उठून बसली. गळ्याभोवती फक्त दोऱ्याएवढा पांढरा व्रण राहिला. कॅराडॉगला धरणीने गिळलं.

वर्गात एकदम शांतता. मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सिस्टर, आमच्या गणपतीचं पण असंच झालं होतं!" सिस्टर खळखळून हसल्या. तास संपला, गोष्टही संपली.

ही विनिफ्रेड मला पुन्हा भेटली ती टी.ई. सिव्हिलला, सेमिनारचा विषय शोधताना. म्हणजे बघा, कुठे मॉरल सायन्स आणि कुठे टनेल इंजिनिअरिंग! मी विषय घेतला होता 'बोगद्यांचा भूजलावर होणारा परिणाम'. गाइड सर म्हणाले, "थिअरी सगळेच कॉपी करतात. एक खरी केस स्टडी आण." लायब्ररीत आणि नेटवर शोधता शोधता एका ठिकाणी 'होलीवेल, १९१७' असं दिसलं. वाचू लागले तर काय, ही तर आमच्या सिस्टरांची विहीर! त्या रात्री मेसचं जेवण चुकलं (फार काही गमावलं नाही म्हणा). पण जे वाचलं ते सेमिनारच्या पंधरा स्लाइड्समध्ये मावेना. म्हणून हा लेख.

होलीवेल हे वेल्सच्या ईशान्य कोपऱ्यातलं, फ्लिंटशायरमधलं छोटं गाव. खाली डी नदीची खाडी. गावाच्या इंग्रजी नावाचा अर्थच पवित्र विहीर, आणि वेल्श भाषेत त्याला 'ट्रेफनन' म्हणतात, म्हणजे विहिरीचं गाव. विहीर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर येते तशी ही रहाट-पोहऱ्याची खोल विहीर नाही. हा डोंगराच्या पायथ्याशी उसळणारा झरा आहे आणि त्याभोवती दगडी कुंड बांधलंय, ताऱ्याच्या आकाराचं. वर नक्षीदार कमानींचं छत, त्याच्या वरच्या मजल्यावर चॅपल. हे बांधकाम सोळाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आसपासचं. ते सातव्या हेन्रीच्या आईने, लेडी मार्गारेट ब्यूफोर्टने करवून घेतलं असं मानतात. कुंडातलं पाणी बाहेरच्या लांबट हौदात येतं. आजारी माणसं आतल्या स्नानकुंडातून तीनदा पार जातात आणि बाहेरच्या हौदातल्या सेंट ब्यूनोच्या दगडावर गुडघे टेकून प्रार्थना पुरी करतात. तळाच्या दगडांवर लाल डाग दिसतात. भाविकांच्या लेखी ते विनिफ्रेडचं रक्त, वनस्पतीशास्त्राच्या लेखी लाल शेवाळ.

इथे कोण कोण आलं याची यादी मोठी आहे. १४१६ मध्ये इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री श्रूझबरीहून इथे पायी आला, म्हणजे चक्क वारीच! आठव्या हेन्रीने मठ बंद केले तेव्हा या विहिरीची मालकी असलेला बेसिंगवर्कचा मठही गेला. कॅथलिक असणं हाच पुढे गुन्हा ठरला. तरी लोक येत राहिले. धर्मगुरू गावातल्या खाणावळींत वेष पालटून राहायचे आणि यात्रेकरू "आम्ही तब्येतीसाठी आंघोळीला आलोय" असं सांगायचे. दुसरा जेम्स राजा मूल व्हावं म्हणून इथे नवस करायला आला आणि १६८८ मध्ये त्याला मुलगा झाला. गंमत अशी, की त्या मुलाच्या जन्मानेच प्रोटेस्टंट मंडळी बिथरली आणि त्याच वर्षी राजाला गादी सोडून पळावं लागलं. नवस फळला, राज्य गेलं.

आता यायचं जॉर्जियन काळात, म्हणजे अठराव्या शतकात. इथून पुढे माझ्यातली सिव्हिलची विद्यार्थिनी जागी होते.

होलीवेलपासून काही मैलांवर, व्हिटफर्डजवळ, डाउनिंग नावाची एक हवेली होती. तिथे थॉमस पेनंट (१७२६ ते १७९८) नावाचे जमीनदार राहायचे. जमीनदार म्हटल्यावर आपल्याला मिशा आणि चाबूक आठवतो, पण हा माणूस वेगळाच. पक्षी, प्राणी, दगड, जुनी चर्चेस, जे दिसेल ते बघायचं आणि लिहून ठेवायचं. सेल्बर्नचे गिल्बर्ट व्हाइट ज्यांना पक्ष्यांबद्दलची ती प्रसिद्ध पत्रं लिहायचे, तेच हे पेनंट. आणखी एक नवल म्हणजे, आयुष्याच्या शेवटी त्यांनी घरबसल्या हिंदुस्थानावर एक पुस्तक लिहिलं, इथे एकदाही पाऊल न ठेवता! हवेली मूळची सतराव्या शतकातली. १७६३ मध्ये ती पेनंटांच्या हाती आली आणि त्यांनी तिची, भोवतालच्या बागांची, पायवाटांची नव्याने उभारणी केली. पैसा कुठून आला? त्यांच्या जमिनीत शिशाच्या धातुकाची चांगली श्रीमंत शीर सापडली होती. हे शिसं लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

पेनंट विहिरीबद्दल लिहितात तेव्हा त्यांच्यात भक्त दिसत नाही आणि टवाळही दिसत नाही. कुंडावर टांगलेल्या कुबड्या त्यांनी पाहिल्या. बरं झालेल्या माणसांनी त्या तिथेच ठेवून दिलेल्या. (आपल्याकडे नवसाचे चांदीचे हात-पाय वाहतात तसंच की!) यात्रेकरू कमी झालेत, पण काही जण अजूनही हनुवटीपर्यंत पाण्यात तासन्‌तास प्रार्थना करत उभे असतात, हेही त्यांनी नोंदवलं. आणि मग त्यांनी एक अशी गोष्ट केली, जी एवढ्या शतकांत तिथे आलेल्या एकाही राजाला सुचली नव्हती. त्यांनी झऱ्याचं पाणी मोजून घेतलं. एकदा नाही, दोनदा, दोन वेगळ्या पद्धतींनी. उत्तर आलं, मिनिटाला सुमारे एकवीस टन. शिवाय नोंद केली, की हे पाणी कधी गोठत नाही आणि दुष्काळ असो की अतिवृष्टी, फारसं कमी-जास्त होत नाही.

एकवीस टन म्हणजे किती? मिनिटाला साधारण २१,३०० लिटर. आपल्या हॉस्टेलच्या गच्चीवरची टाकी वीस हजार लिटरची आहे. म्हणजे विनिफ्रेडच्या झऱ्याने ती एका मिनिटाच्या आत भरली असती आणि सकाळी साडेसातला बादल्यांची रांग लागली नसती! सेकंदाचा हिशेब केला तर सुमारे ३५५ लिटर. आता फ्लुइड मेकॅनिक्स आठवा. एवढं पाणी एक मीटर खाली पडलं तर साधारण साडेतीन किलोवॉट शक्ती मिळते. झऱ्यापासून खाडीपर्यंतचा ओढा दोन किलोमीटरच्या आसपास आणि उतार चांगला. त्या उतारावर प्रत्येक मीटरला एवढी शक्ती फुकट वाहत होती, बारा महिने, न गोठता. वाफेचं इंजिन अजून रांगत होतं. अशा पाण्यावर कारखानदारांची नजर नाही पडली तरच नवल.

१७७७ मध्ये इथे पहिली सूतगिरणी आली. जॉन स्मॉली नावाच्या माणसाने ती उभारली, जो आधी आर्कराइटचा भागीदार होता. पुढे एकापाठोपाठ एक गिरण्या. मग थॉमस विल्यम्स यांच्या कंपनीचे तांब्या-पितळेचे कारखाने आले. अँगलसी बेटावरच्या पॅरिस डोंगरातलं तांबं या खोऱ्यात येऊन ठोकलं जायचं. लाकडी जहाजांच्या बुडाला ठोकायचे तांब्याचे पत्रे आणि खिळे इथे बनायचे. १७७४ मध्ये डॉ. सॅम्युअल जॉन्सन, तेच डिक्शनरीवाले, इथे आले तेव्हा त्यांनी दोन मैलांच्या टापूत १९ कारखाने मोजले. विहिरीवर एक बाई सगळ्यांसमोर आंघोळ करत होती, याचंही त्यांना भारी वाईट वाटलं होतं. एकाच ओढ्याच्या वरच्या टोकाला माणसं पाण्यात उभी राहून बरं होण्याची वाट बघताहेत आणि खालच्या टोकाला हातोडे धडाधड चाललेत. मला हे चित्र फार आवडलं.

पण पुढचं वाचलं आणि आवडणं जरा थांबलं. त्या कारखान्यांमध्ये 'मॅनिला' नावाच्या पितळी-तांब्याच्या कड्या बनायच्या. पश्चिम आफ्रिकेत त्या पैशासारख्या चालायच्या आणि व्यापारी त्या देऊन माणसं विकत घेत. गुलामांचा व्यापार! १७८८ मध्ये पार्लमेंटमध्ये या व्यापारावर बंधनं घालण्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा थॉमस विल्यम्स यांनी अर्ज केला, की होलीवेल आणि इतर ठिकाणच्या कारखान्यांत आमचे सत्तर हजार पौंड गुंतलेत, तिथला माल खास आफ्रिकेसाठीच बनतो, आमचं नुकसान होईल. म्हणजे ज्या पाण्यात उतरून माणसं कुबड्या टाकून देत होती, तेच पाणी अर्ध्या तासाने बेड्यांच्या व्यापाराचं चाक फिरवत होतं. पाण्याला काय कळतं? ३५५ लिटर म्हणजे ३५५ लिटर. कळायचं ते चाक बसवणाऱ्याला.

आता ते शिसं. होलीवेलच्या मागे हॅल्किन नावाचा डोंगराळ भाग आहे. चुनखडक. त्याच्या भेगांमध्ये शिशाच्या शिरा. चुनखडकाचा स्वभाव आपल्याला जिऑलॉजीत शिकवतात. पावसाचं पाणी त्याला हळूहळू विरघळवतं, भेगा रुंद होतात, आत पोकळ्या होतात आणि जमिनीखाली चक्क नद्या वाहू लागतात. विनिफ्रेडचा झरा म्हणजे अशाच एका भूमिगत व्यवस्थेचं तोंड. दुष्काळातही तो आटायचा नाही याचं कारण हेच, मागे सगळा डोंगर टाकीसारखा भरलेला. पण खाणवाल्यांच्या दृष्टीने हीच टाकी म्हणजे शत्रू. वरवरचं शिसं संपलं, खाली जावं तर पाणी. पंप लावावे तर खर्च परवडेना. मग जुना आणि खात्रीचा उपाय. समुद्रपातळीजवळून डोंगरात एक लांबच लांब बोगदा खणायचा, अगदी जेमतेम उतार ठेवायचा, की पाणी आपलं आपण वाहून जाईल. गुरुत्वाकर्षणाला डिझेल लागत नाही.

१८९७ मध्ये खाडीकाठच्या बॅगिल्ट गावाजवळून हा बोगदा सुरू झाला. त्याचं नाव मिल्वर टनेल. पुढे साठ वर्षांत तो सुमारे दहा मैल लांब झाला. धोका कुणाला दिसत नव्हता असं नाही. झऱ्याचं काय होईल ही काळजी गावाला आधीपासून होती. ५ जानेवारी १९१७ ला बोगदा एका पाण्याने भरलेल्या पोकळीला भिडला. पाणी लोंढ्यासारखं आत आलं. आणि तिकडे विहीर आटली.

आटली म्हणजे कमी झाली असं नव्हे, पूर्ण कोरडी. रोमशी भांडण झालं, मठ बुडाले, राजे पळाले, तरी न आटलेलं पाणी एका दगडाच्या पडद्याला भोक पडल्यावर गेलं.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. कारण खरं सांगू? यात इंजिनिअरचं काहीच चुकलं नव्हतं. बोगद्याचं अलाइनमेंट बरोबर होतं, उतार बरोबर होता. डोंगरातलं पाणी खाली आणायचं हे त्याचं काम होतं आणि त्याने ते चोख केलं. आपल्या परीक्षेत त्याला पैकीच्या पैकी मार्क पडले असते.

आणि मला आमची बाव आठवली.

माझं आजोळ रत्नागिरी जिल्ह्यात. आजी विहिरीला बाव म्हणते. घराच्या मागे उताराला जांभ्या दगडात खोदलेली, आत उतरायला पायऱ्या. बारशाच्या आधी बाळाला पहिली आंघोळ त्याच पाण्याने घालायची अशी रीत. अंगावर पित्त उठलं तरी हेच पाणी. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इंग्रजी पुस्तकं वाचणारी, तरी सुट्टीत तिथे गेले की पहिली कळशी डोक्यावर ओतून घ्यायची हा माझाही नियम. चार वर्षांपूर्वी वरच्या अंगाला रस्ता रुंद करायला डोंगर कापला. चांगला उभा, खोल काप. पहिला पावसाळा गेला. मेपर्यंत टिकणारं पाणी त्या वर्षी फेब्रुवारीतच तळाला गेलं. पुढच्या वर्षी जानेवारीत.

कारण अवघड नाही, आता मला ते काढून दाखवता येतं. जांभा सच्छिद्र, पाणी सहज झिरपू देतो. त्याच्या खाली चिकण मातीचा थर, तो पाणी अडवतो. त्या थरावरून पाणी हळूहळू सरकत उताराला येतं आणि बावीत उतरतं. रस्त्याच्या कापाने ती वाट मध्येच उघडी पाडली. पावसाळ्यात त्या कापाच्या भिंतीतून पाण्याच्या धारा लागतात आणि गटारातून खाली वाहून जातात. होलीवेलचीच गोष्ट, फक्त चुनखडकाच्या जागी जांभा आणि बोगद्याच्या जागी काप.

गावातल्या लोकांनी अर्ज केला. साहेब पाहणीला आले. चांगले होते बिचारे, आवाज चढवला नाही, आजीच्या हातचं कोकम सरबतही घेतलं. त्यांनी एवढंच विचारलं, "आजी, आधी किती पाणी होतं याची काही नोंद आहे का?"

आजी म्हणाली, "नोंद कसली हो? वैशाखात सातवी पायरी बुडालेली असायची. अख्ख्या गावाला ठाऊक आहे."

साहेबांनी वहीत लिहिलं, 'लेखी पुरावा नाही. पर्जन्यमानातील फरक संभवतो.' फाइल पुढे गेली. उन्हाळ्यात टँकर येतो. आजी त्या पाण्याला नावं ठेवत नाही, पण बाळांच्या आंघोळीचा विषय निघाला की गप्प होते.

होलीवेलला काय झालं? पाणी गेलं जानेवारीत आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये विहिरीत पुन्हा पाणी आलं. जुन्या खाणीच्या दुसऱ्या एका बोगद्यातलं पाणी वळवून कुंडात सोडण्यात आलं. नऊ महिने, तेसुद्धा पहिलं महायुद्ध चालू असताना! असं का झालं याचा मी खूप विचार केला. गावाचं नाव मोठं, यात्रेकरू, श्रद्धा, हे सगळं आहेच. पण आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या झऱ्यातून मिनिटाला एकवीस टन पाणी येत होतं, हे त्याच्या शंभराहून अधिक वर्षं आधी कुणीतरी मोजून छापून ठेवलं होतं. "पाऊस कमी झाला असेल" असं तिथे कुणाला म्हणता आलं नसतं, कारण पावसाने तो झरा हलत नाही हेही छापलेलं होतं. शिशाच्या पैशावर सजलेल्या हवेलीतल्या एका चौकस माणसाने, नकळत, शिशाच्या बोगद्याविरुद्ध पुरावा तयार करून ठेवला होता. डाउनिंगची हवेली आज नाही. १९२२ मध्ये तिला आग लागली, पुढे १९५० च्या दशकात ती पाडली. आकडा मात्र शिल्लक आहे.

एक प्रश्न राहतोच. १९१७ नंतर कुंडात येणारं पाणी हे मूळ झऱ्याचं पाणी नाही. जोरही पूर्वीचा नाही. मूळ पाणी बोगद्यातून बॅगिल्टला खाडीत जातं, दिवसाला दोन कोटी गॅलनच्या वर. पुढे १९३० च्या दशकापासून त्यातलं काही ग्रीनफिल्डच्या कृत्रिम रेशमाच्या कारखान्यांनीही वापरलं. तरी लोक येतात. आजही उन्हाळ्यात यात्रा भरते, थंडगार पाण्यात माणसं उतरतात, मेणबत्त्या लावतात आणि बरं वाटलं असं सांगतात. मग बरं कोण करतं? पाणी, जागा, की तिथवर जाण्याचे कष्ट?

सेमिनारमध्ये मी ही स्लाइड ठेवली होती. एक्स्टर्नल सर हसले आणि म्हणाले, "हा प्रश्न सिलॅबसच्या बाहेरचा आहे." मग चष्मा काढून विचारलं, "बरं, मला हे सांगा, तुम्ही त्या बोगद्याच्या इंजिनिअर असता तर काम थांबवलं असतंत का?"

हॉलमध्ये सगळी मुलं माझ्याकडे बघत होती. सोपं उत्तर होतं, "हो सर." टाळ्याही पडल्या असत्या. पण हॅल्किनच्या खाणींवर किती घरांच्या चुली पेटत होत्या हे मी वाचलं होतं. आमच्या गावच्या त्याच रुंद रस्त्यावरून गेल्या पावसाळ्यात माझ्या मामीला अडीच तासांऐवजी सव्वा तासात दवाखान्यात नेता आलं, हेही मला माहीत होतं. मामी आज घरी आहे. म्हणून मी म्हणाले, "सर, मला नाही सांगता येणार. पण फावडं मारायच्या आधी एक वर्ष, आसपासच्या प्रत्येक झऱ्याचं आणि विहिरीचं पाणी दर पंधरवड्याला मोजून गावाच्या हातात कागद दिला असता. नुकसान झालं तर ते कुणाचं, हे ठरवायला भांडण लागलं नसतं. आणि आकडे बघून कदाचित वाट थोडी बदलताही आली असती."

सर म्हणाले, "त्याचा खर्च?" मी म्हणाले, "टेप, दोरी, बादली आणि घड्याळ." ते काही बोलले नाहीत. मार्क बरे पडले.

सेमिनारनंतरच्या सुट्टीत मी बावीत उतरले. कोरडी होती, त्यामुळे सोपं गेलं. टेपने सगळ्या पायऱ्या मोजल्या. पायरी नऊ इंचांची, दोन तेवढ्या दहाच्या. आजीला वर बसवलं आणि विचारत गेले. कुठल्या साली, कुठल्या सणाला पाणी कुठे होतं? आजी धडाधड सांगत गेली. "शिमग्याला पाचवी. तुझ्या आईच्या लग्नात, वैशाख होता, सातवी, मांडवाला पाणी तिथूनच काढलं. बहात्तरच्या दुष्काळात नववी, त्याच्या खाली कधीच नाही." शेजारच्या काकींना वेगळं बसवून विचारलं. त्यांचे आकडे आजीशी जवळजवळ जुळले. म्हणजे नोंद होती हो! पन्नास वर्षांची नोंद होती, फक्त ती वहीत नव्हती आणि तिचं एकक पायरी होतं. मी तक्ता करून त्याचा आलेख काढला. आजीने आलेख उलटा धरून बघितला आणि म्हणाली, "आता साहेबांना कळेल का गं बाय?"

तो कागद आम्ही अर्जाला जोडून पुन्हा पाठवलाय. उत्तर अजून आलेलं नाही.

दरम्यान एक काम सुरू केलंय. त्या रस्त्याचा पुढचा टप्पा अजून व्हायचाय, त्याच्या वाटेवर तीन वाड्या आहेत. त्यांतल्या अकरा विहिरी आणि दोन झरे आमच्या यादीत आहेत. आमच्या हॉस्टेलमधल्या दोघी आणि बी ब्लॉकमधला एक जण दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी येतात. विहिरीला टेप, छोट्या झऱ्याला बादली आणि मोबाइलचं स्टॉपवॉच, मोठ्या झऱ्याला वर्कशॉपमध्ये कापून घेतलेल्या पत्र्याचा व्ही-नॉच. वर्कशॉपच्या मामांनी तो फुकट कापून दिला, वर विचारलं, "सबमिशन आहे का?" आम्ही म्हणालो, "नाही मामा, मोजमाप आहे."

जीपमध्ये अजून दोन जागा आहेत. ब्रँच कुठलीही चालेल. पाण्यात उतरायची तयारी हवी आणि आकडा वाढवून लिहायचा नाही, कमी करूनही लिहायचा नाही, एवढीच अट. आजी दुपारी जेवायला घालते. नाव द्यायचं असेल तर मेसच्या बाहेरच्या बोर्डावर कागद लावलाय.